हिरव्याची निळी पाटी

इंग्लंडमध्ये एखाद्या रस्त्याला बढती मिळाली की ती त्याच्या पाट्यांच्या रंगावरून ओळखू येते. प्रमुख महामार्गाची पाटी हिरवी, मोटरवेची निळी. अक्षरे दोन्हीकडे पांढरी. लंडनहून एडिंबराकडे जाणारा सुमारे ६६० किलोमीटरचा ए१ हा रस्ता अशी बढती तुकड्यातुकड्याने मिळवत आला आहे, आणि जिथे ती मिळाली तिथे त्याच्या क्रमांकापुढे कंसात एक 'एम' येऊन बसला आहे. नॉर्थ यॉर्कशरमधला लीमिंग ते बार्टन हा सुमारे १९ किलोमीटरचा तुकडा मार्च २०१८मध्ये पूर्ण झाला आणि एम१ व ए१(एम) मिळून लंडनपासून न्यूकॅसलच्या वेशीपर्यंत मोटरवेची सलग वाट तयार झाली.

कंसातला हा 'एम' दिसायला किरकोळ असला तरी त्याचा दरारा मोठा आहे. पाटी निळी झाली की पादचारी, सायकलस्वार, घोडेस्वार आणि शेतावरचे ट्रॅक्टर या सर्वांना त्या रस्त्यावर मज्जाव होतो. कालपर्यंत ज्यावरून धीम्या गतीने का होईना पण हक्काने जाता येत होते, त्याच डांबरावर आज पाऊल ठेवणे बेकायदेशीर ठरते. म्हणूनच या तुकड्याच्या बाजूने स्थानिक वाहतुकीसाठी एक समांतर रस्ताही बांधावा लागला. रुंदीकरणाच्या बातम्यांत वाचलेल्या मिनिटांचे कौतुक फार होते, पण माझ्या मते या साध्या, दुपदरी समांतर रस्त्याचा उल्लेख पहिल्या वाक्यात यायला हवा, कारण तो नसता तर ही बढती आसपासच्या गावांसाठी निव्वळ हकालपट्टी ठरली असती.

काम चालू असते त्या काळात मात्र रंगांचा हा शिस्तशीर कारभार पार विस्कटून जातो. जुन्या हिरव्या पाट्या अजून उतरवलेल्या नसतात, नव्या निळ्या पाट्या उभ्या राहतात पण आच्छादनाखाली झाकलेल्या असतात, आणि या दोहोंच्या मध्ये काळ्या अक्षरांच्या पिवळ्या तात्पुरत्या पाट्या हुकूम सोडत असतात. जमिनीवरचा गोंधळ याहून वाईट. मार्गिका सरकवण्यासाठी जुने पांढरे पट्टे खरवडून काढतात आणि शेजारी नवे आखतात. पण खरवडलेल्या जागी डांबराचा पोत बदलतो, आणि पाऊस पडून गेल्यावर सूर्य समोरून तिरपा आला की पुसलेला पट्टा नव्या रंगापेक्षा जास्त चमकतो. अशा वेळी डोळा नव्या पट्ट्यामागे जायचे सोडून रद्द झालेल्या पट्ट्याचा माग काढू लागतो आणि स्टिअरिंगवरचे हात घट्ट होतात.

वेगमर्यादा अशा टापूत अनेकदा ताशी ५० मैलांवर, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरवर आणलेली असते, आणि तिच्यावर पहारा असतो सरासरी वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांचा. हे कॅमेरे दोन ठिकाणी गाडीचा क्रमांक टिपतात आणि मधल्या अंतराला लागलेल्या वेळेने भागतात, त्यामुळे कॅमेरा दिसताच ब्रेक दाबण्याची जुनी युक्ती इथे लागू पडत नाही. कित्येक मैल नारिंगी शंकूंची रांग, आणि त्यापलीकडे काम करणारे चिटपाखरूही नाही, ही चालकांची कायमची तक्रार. ती मला अर्धवटच पटते. बरेचसे काम रात्री चालते, आणि मार्गिका अरुंद केलेल्या व कडेची आपत्कालीन पट्टी काढून घेतलेली असताना त्या वेगाची गरज कामगारांइतकीच चालकालाही असते.

लीमिंग ते बार्टनचे काम २०१४मध्ये सुरू झाले आणि ठरल्यापेक्षा लांबले, त्याला एक कारण जमिनीखाली होते. ए१ इथे डियर स्ट्रीट या रोमन रस्त्याच्या वाटेनेच जातो, आणि रुंदीकरणासाठी खणताना कॅटरिक व स्कॉच कॉर्नर परिसरात रोमनकालीन वस्तीचे अवशेष आणि नाण्यांसाठी धातूच्या गोळ्या पाडण्याचे मातीचे साचे सापडले. मोटरवे लांबणीवर पडण्याची इतकी सभ्य सबब क्वचितच मिळते.

पाट्यांचा स्वतःचा इतिहास मात्र बराच अलीकडचा आहे. ब्रिटनमधला पहिला मोटरवे, प्रेस्टनचा बायपास, ५ डिसेंबर १९५८ रोजी सुरू झाला आणि त्यावरच्या पाट्या जॉक किनिअर यांनी मार्गरेट कॅल्व्हर्ट यांच्या साथीने घडवल्या. आधी ठरावीक मापाचा फलक घ्यायचा आणि त्यात मजकूर कोंबायचा, ही रीत त्यांनी उलटी केली. अक्षर किती मोठे हवे ते आधी ठरायचे आणि त्यावरून फलक आकार घ्यायचा. गावांची नावे सगळी मोठ्या लिपीत न लिहिता पहिलेच अक्षर मोठे ठेवले, कारण लहान अक्षरांच्या वर-खाली डोकावणाऱ्या टोकांमुळे शब्दाला ओळखता येण्याजोगा आकार येतो. पुढे डेव्हिड किंडर्सली यांनी सर्व मोठ्या अक्षरांची पर्यायी लिपी मांडली, तेव्हा बसलेल्या लोकांच्या दिशेने टपावर पाटी लावलेली गाडी चालवत आणून दोन्ही लिप्यांची परीक्षा झाली. किंडर्सलींची लिपी वाचायला किंचित सरस ठरली, तरी निवड किनिअर-कॅल्व्हर्ट यांच्या लिपीची झाली, आणि वाचनीयता व देखणेपण यांतल्या त्या झुकत्या मापाबद्दल मला तरी तक्रार नाही. गंमत अशी की थंडीने पृष्ठभाग उखडल्यामुळे तो बायपास ४६ दिवसांत बंद ठेवावा लागला. रस्ता नापास झाला आणि पाट्या पास.

फावड्याने ढिगारा उपसणाऱ्या माणसाचा त्रिकोणही कॅल्व्हर्ट यांचाच, ज्याला पाहून तो छत्री उघडण्याची खटपट करतो आहे असे ब्रिटिश लोक आजही म्हणतात. आणि फाट्यापूर्वीचे ते तीन, दोन, एक तिरप्या रेघांचे फलक! ते ३००, २०० आणि १०० यार्डांवर असतात; ताशी ७० मैलांच्या वेगात दोन फलकांमधले अंतर तीन सेकंदांत सरते. मार्गिका बदलायची तर ती याआधीच बदललेली बरी.

या सगळ्या नेमकेपणात दोन गोष्टी मला विशेष आवडतात. एक म्हणजे गावांच्या नावांच्या वरच्या ओळीत ठसठशीत मोठ्या अक्षरांत लिहिलेले 'द नॉर्थ', जिथे कधीच कोणी पोहोचत नाही. दुसरी म्हणजे स्कॉच कॉर्नर, जे शहर नसून मुळात एक फाटा आहे, तरीही पाट्यांच्या कृपेने दूरदूरच्या चालकांना पाठ असते. मोटरवेच्या हिशेबात या फाट्याचा क्रमांक ५३ आहे, पण पाटीवर त्याचे नाव कायम आहे हे बरे झाले. नुसता आकडा घोकून दाखवणारा आवाज हल्ली प्रत्येक गाडीत असतोच.