शिंगरू जवळ असताना घोडी काय म्हणते

परवा पाचवीच्या एका मुलीचा इंग्रजी तोंडीचा एक मार्क गेला. एकच. बाकीच्या पोरांचे तीन-तीन चार-चार गेलेत, त्यांचं मला एवढं वाटलं नाही, त्यांना परत शिकवीन, पण हा एक मार्क डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहायला बसले.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, शहादा तालुक्यात, तापीकाठच्या पट्ट्यात. घोड्यांच्या बाजाराचं सारंगखेडा लांब नाही. माझं माहेर रावेरकडचं, केळीच्या बागांमधलं, म्हणजे बैल-गाय-म्हैस यांच्यात वाढले पण घोड्याचा आणि माझा संबंध फक्त वरातीपुरता. वर्गात मुलं कोणती, तर घरी अहिराणी बोलणारी, गुजरी बोलणारी, आणि सातपुड्याकडून उसतोडीला किंवा सालदारकीला आलेल्या घरांतली भिली-पावरी बोलणारी. बाहेरच्या लोकांना वाटतं मराठी शाळा म्हणजे मुलांना मराठी येतच असणार. पुस्तकातली मराठी हीच त्यांच्यासाठी दुसरी भाषा असते हो, इंग्रजी तिसरी. पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, मी स्वतः पाचवीला एबीसीडी शिकलेली बाई, त्यामुळे तिसऱ्या भाषेत तोंड उघडताना काय होतं ते मला चांगलं माहितीये.

ती मुलगी जूनपासून वर्गात होती आणि बोलत नव्हती. म्हणजे हजेरीला 'यस मॅडम'सुद्धा नाही, नुसता हात वर. लिहायची, वही स्वच्छ, पण आवाज नाही. चार महिने मी सगळं करून पाहिलं, जोडीत बसवलं, गाणी घेतली, खाऊ दिला. शेवटी ऑक्टोबरमध्ये वाचादोष असावा की काय म्हणून तालुक्याच्या तपासणी शिबिराच्या यादीत तिचं नाव दिलं. फॉर्म मीच भरला, माझ्याच अक्षरात. वडिलांना बोलावून सांगितलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले, म्हणाले, "मॅडम, घरमा तर चूप नही बठस हाई." मला वाटलं आईबाप असंच म्हणतात. ते वरातीसाठी घोडी देतात, आणि जत्रेच्या दिवसांत सारंगखेड्याला दुसऱ्यांच्या घोड्यांची देखभाल करतात, खरारा, चारापाणी, रात्रीची राखण. दत्तजयंतीला तिथं घोड्यांचा बाजार भरतो, मारवाडी, काठियावाडी, पंजाबकडचे पांढरे नुकरा, लांबलांबचे व्यापारी येतात, दात बघतात, देवमण, म्हणजे मानेवरचा शुभ मानलेला भोवरा, कुठंय ते बघतात. त्या दिवसांत आमची हजेरी निम्म्यावर येते आणि दरवर्षी वरून विचारणा होते की हजेरी का कमी. जत्रा काय आहे हे विचारणाऱ्यालाही माहिती असतं.

जत्रा संपली, पोरं परत आली, आणि जानेवारीत मी प्राण्यांचे आवाज घेतले.

हा धडा सोपा समजतात लोक. चार्ट लावायचा, 'डॉग्ज बार्क, लायन्स रोअर' म्हणून घ्यायचं, झालं. मला या चार्टचा राग आहे, खरंच. शहाद्याहून स्वतःच्या पैशाने आणलेला चार्ट, त्यावर टर्की आहे, तो गॉबल करतो, अख्ख्या गावात टर्की कोणी पाहिलेला नाही, आणि म्हैस नाही! ज्या घरात पहाटे पाचला म्हैस रेकली की दिवस सुरू होतो त्या घरातल्या मुलाला तुम्ही टर्की देताय. असो. पण खरी अडचण वेगळीच आहे आणि ती बऱ्याच शिक्षकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे इंग्रजीत एकाच प्राण्याला दोन तऱ्हेचे शब्द असतात आणि चार्टवर ते सगळे एकाच रांगेत कोंबलेले असतात. एक तऱ्हा म्हणजे कानाला जे ऐकू येतं त्याची नक्कल, मू, बा, वूफ, ऑइंक, क्वॅक. दुसरी म्हणजे प्राणी ते जे करतो त्याचं क्रियापद, गाय लो करते, मेंढी ब्लीट करते, कुत्रा बार्क करतो, गाढव ब्रे करतं. मराठीतही हेच आहे की, भू भू वेगळं आणि भुंकणं वेगळं, हंबा वेगळं आणि हंबरणं वेगळं. म्हणून मी आधी फळ्यावर मराठीचेच दोन ढीग करून घेते, कावकाव-म्याव-चिवचिव इकडे, आरवणं-डरावणं-घुमणं-खिंकाळणं तिकडे, पोरं घरचे शब्द पण घालतात, आणि ढीग नीट झाले की मगच इंग्रजी. मग 'मू' दोन्ही ढिगांत बसतं आणि 'लो' एकाच ढिगात, हे मुलं स्वतः ओळखतात. शिवाय सापळे आहेत. कोंबडा आरवतो तो क्रो, आणि कावळ्याचं नावही क्रो, पण कावळा करतो कॉ. कबूतर घुमतं ते कू, आणि आमच्या पोरांच्या कानात कू म्हटलं की कुकूच कूचा कोंबडाच येतो. बार्क म्हणजे झाडाची साल पण. एकेका सापळ्याला मी एकेक दिवस देते, कोणी म्हणतं मॅडम मागे पडताय, पडते मी, पडू दे.

त्या दिवशी घोडा होता. 'नेय'. स्पेलिंग एन-ई-आय-जी-एच, पोरं 'निघ' वाचतात. मग मी एट, वेय, नेबर हे सगळे एका ओळीत लिहून दाखवते की जी-एच इथे मुका आहे. हे झालं, आणि मी घोड्याचा आवाज काढून दाखवला, लांब, थरथरता, जसा टीव्हीवर ऐकतो तसा. बरा जमतो मला.

मागच्या बाकावरून आवाज आला, "असं ते दूर जायेल ऱ्हास तव्हय वरडस." म्हणजे, असं ते दूर गेलेलं असतं तेव्हा ओरडतं.

वर्ग एकदम शांत. कारण तो आवाज कोणाचा आहे हे कोणालाच आधी कळलं नाही. मी खडू हातात धरून तशीच उभी. मग तिच्याकडे बघितलं आणि, हे आता लिहिताना मला बरं वाटतंय की त्या क्षणी मला एवढी तरी अक्कल सुचली, शाबास-बिबास काही म्हणलं नाही. फक्त विचारलं, "मंग जोडे ऱ्हायना तर?" म्हणजे, मग जवळ असलं तर? माझी अहिराणी रावेरी वळणाची, पण तिला कळली.

तिने तोंड मिटलं आणि नाकातून, घशातून असा एक आवाज काढला, खालचा, भुरभुरता, जेमतेम दोन बाकांपर्यंत पोचणारा. "शिंगरूले असं करस. तोबरा दखा का बी असंच." मग ओठ सैल सोडून फुर्रर्र केलं, भ्यालं की हे. मग एक बारीक तीक्ष्ण किंकाळी, अनोळखी घोडा अंगाशी आला की घोडी अशी करते. प्रत्येकाला तिने मानेची ठेवण पण बदलली. आणि पहिला, माझा, लांबचा आवाज तिने काढून दाखवला नाही. तो का नाही काढला हे मला नंतर कळलं.

मी त्या दिवशी पुढचा प्राणी घेतलाच नाही. घरी आल्यावर मोठी डिक्शनरी काढली आणि रात्री अकरापर्यंत बसले. इंग्रजीत आहेत हो सगळे! नेय म्हणजे मोठ्याने, दूरवर पोचणारं खिंकाळणं. व्हिनी म्हणजे त्याच जातीचं पण जरा हलकं, बरेच लोक दोन्ही एकाच अर्थाने वापरतात. स्नॉर्ट म्हणजे फुरफुरणं, भीतीचं, सावधपणाचं. स्क्वील म्हणजे ती तीक्ष्ण किंकाळी. आणि निकर. निकर म्हणजे तोंड मिटून केलेला तो मऊ, खालचा आवाज, दाणा घेऊन येणाऱ्या माणसाला बघून, आणि आईने शिंगराला. ज्या मुलीला मी वाचादोषाच्या यादीत टाकलं होतं तिने घोड्याचे चार आवाज वेगळे करून दिले होते, आणि मी तिला एकच शब्द शिकवत होते.

दुसऱ्या दिवशी नेय, स्नॉर्ट, स्क्वील, निकर हे चारही शब्द फळ्यावर लिहिले. आवाज तिने काढायचा, शब्द वर्गाने ओळखायचा. 'निकर' म्हटल्यावर पोरांना चड्डी आठवली, खूप हसली, तीही हसली, आणि शब्द पक्का बसला. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च ती बोलत होती. मोठ्याने नाही, पण बोलत होती, यस मॅडमसकट. यादीतून नाव काढायला मी दोन चकरा मारल्या, तिथल्या माणसाने सांगितलं एकदा ऑनलाइन गेलेलं नाव असं निघत नाही, शिबिरात येऊन ठीक आहे म्हणून लिहून घ्या. एक बोट टेकवून नाव टाकता येतं, काढायला मात्र पोरीला दिवसभर रांगेत उभं करायचं. नेलं मी.

एक रविवार तिच्या घरी पण गेले. वडिलांना म्हणलं मला तो आवाज घोडीकडून ऐकायचाय. ते म्हणाले, "दाना दखाडा का हुंकारस ती," आणि हरभऱ्याचा तोबरा मुलीच्या हातात दिला. घोडीने मान वर केली, कान पुढे, आणि तो आवाज केला. हुबेहूब वर्गातला. बोलता बोलता वडिलांनी सांगितलं की यंदाच्या जत्रेत घोडीचं शिंगरू विकलं, पैशाची नड होती, आणि घरी परत आणल्यावर घोडी तीन रात्री ओरडत होती, गोठ्यात फिरून फिरून, रस्त्याकडे तोंड करून. पोरगी पण त्या तीन रात्री झोपली नाही. मला वर्गात लगेच जोड लागायला हवी होती, 'असं ते दूर जायेल ऱ्हास तव्हय', पण ती लागली तिथे गोठ्यात.

आणि मग परवाची तोंडी परीक्षा. बाहेरच्या शाळेचे शिक्षक मूल्यमापनाला येतात, चित्रकार्ड दाखवतात, मूल सांगतं, उत्तरसूची त्यांच्या हातात असते. आम्ही वर्गशिक्षकांनी मध्ये बोलायचं नाही. मी दाराशी उभी होते. कार्डावर घोडी आणि तिच्या पोटाशी चिकटून उभं शिंगरू. सरांनी विचारलं, "व्हॉट साउंड डज इट मेक?" तिने चित्र दोन सेकंद नीट बघितलं आणि म्हणाली, "निकर." स्पष्ट. पूर्ण खोलीला ऐकू जाईल असं.

सर थांबले, सूचीत बघितलं, परत विचारलं, "हॉर्स... ने...?" म्हणजे त्यांनी चक्क मदत केली, चांगला माणूस आहे. तिने मान हलवली, नाही अशी. "निकर." मग शून्य पडला.

नंतर मी त्यांना डिक्शनरी दाखवली, खूण घालूनच ठेवलेली होती. त्यांनी वाचली, मान्य पण केलं. पण म्हणाले, मॅडम, मला आज तीस पोरं बघायचीत, प्रत्येक शाळेत प्रत्येक बाई नवीन शब्द दाखवायला लागल्या तर मी सूची कशाला आणू, आणि पोरीला नेय येत नाही का, येतं ना, मग तेच का नाही बोलली? त्यांचं पूर्ण चुकतंय असं मला म्हणता येत नाही. सूची बनवणाऱ्याचं मात्र चुकलंच, शिंगरासोबतच्या घोडीचं चित्र छापायचं आणि त्याला एकच उत्तर ठेवायचं. आणि माझं? मी हे शब्द शिकवले नसते तर ती नेय म्हणाली असती आणि मार्क मिळाला असता, पण मी ते शिकवले नसते तर ती बोलली असती का हेच मी रोज मनात घोळवतेय. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी एक वाक्य बोलायला हवं होतं, 'उद्या घोडा आला की नेयच सांगायचं', ते सुचलंही होतं आणि जीभ वळली नाही.

सुट्टीत तिला बोलावलं. तुझं बरोबर होतं हे आधी सांगितलं. मग सरांचाच प्रश्न विचारला, तुला नेय येतं ना गं, सरांनी 'ने'पर्यंत सांगितलं तरी का नाही म्हणालीस?

तिला प्रश्नच विचित्र वाटला. माझ्याकडे बघून म्हणाली, "शिंगरू तं जोडेच व्हतं ना मॅडम."

गुणतक्ता माझ्या टेबलावर आहे, वर्गशिक्षकाची सही बाकी आहे, सोमवारी द्यायचाय.