बॅटरी कट-ऑफ बोर्ड: निळा ट्रिमर गेला, एसएमडी बसला

खानापूर तालुक्यात जांबोटीकडे मामांच्या घरासाठी जो १२ व्होल्टचा बॅटरी कट-ऑफ बोर्ड बनवतोय, तो आता ब्रेडबोर्डवरून उतरून पीसीबीवर आला. सर्किट तेच: टीएल४३१ चा २.४९५ व्होल्टचा रेफरन्स, बॅटरीचा व्होल्टेज त्याच्याशी ताडून बघणारा एलएम३९३ कंपॅरेटर, त्याच्या आउटपुटला १० के (किलोओहम) पुल-अप, खाली लोड जोडणारा-तोडणारा आयआरएफझेड४४ मॉसफेट. लोड म्हणजे एलईडी पट्ट्या. पावसाळ्यात तिकडे लाईट गेली की कधी येईल याचा नेम नाही, आणि लेड-ॲसिड बॅटरी तळापर्यंत पिळली की तिचं आयुष्य संपलंच. म्हणून ११.६ व्होल्टला लोड तोडायचा, आणि तो आकडा नेमका बसवायला ट्रिमर, म्हणजे स्क्रू फिरवून बदलता येणारा छोटा रेझिस्टर.

बेळगावात कुठल्याही दुकानात ट्रिमर मागितला की हातात पडतो तो उभा निळा, पंचवीस फेऱ्यांचा ३२९६. उत्तम माल, पण या बोर्डावर तोच सगळ्यात उंच, झाकण बसू देत नव्हता. एसएमडीत, म्हणजे बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणाऱ्या बारीक भागांत, दोन वाटा होत्या. एक, तीन मिलिमीटरचा उघडा, एका फेऱ्याच्या आतला. दुसरा, चार-पाच मिलिमीटरचा, सीलबंद, आत वर्म गिअर असलेला बहुफेरी. उघडा स्वस्त आणि दिसायला गोड, मामेभाऊ त्याला बघून म्हणाला, "हे तर कानातल्याच्या फिरकीएवढं आहे की रे!" पण त्याची वरची धातूची चकती म्हणजेच वायपर (पट्ट्यावर फिरणारा स्पर्श), आणि खालचा सरमेटचा (सिरॅमिक-धातू मिश्रणाचा) रोधाचा पट्टा हवेला उघडा. खानापूर तालुक्यातली ओल आणि उद्यमबागेतल्या फाउंड्रीची बारीक लोखंडी धूळ, दोन्ही ज्याच्या वाट्याला येणार त्या बोर्डावर मी उघडा बसवणार नाही. सीलबंद घेतला, ५ के, वर ५०२ छापलेलं.

आता खरा मुद्दा. कित्येक सर्किटांत डिव्हायडरच्या (बॅटरीचा व्होल्टेज विभागून कंपॅरेटरला देणाऱ्या दोन रेझिस्टरांच्या जोडीच्या) वरच्या बाजूला एकटा ५० के ट्रिमर ठेवलेला दिसतो, खाली १० के. चालतं, पण त्या एका ट्रिमरच्या हातात २.५ पासून १५ व्होल्टपर्यंतची सगळी रेंज जाते. वायपरचा स्पर्श कधीच स्थिर नसतो, डेटाशीटमध्ये काँटॅक्ट रेझिस्टन्स व्हेरिएशन म्हणून तो आकडा दिलेला असतो. तीन टक्के धरा. ५० केचे तीन टक्के म्हणजे १५०० ओहम, आणि कट-ऑफ जवळजवळ ०.३७ व्होल्टनं हलतो. वर ३३ के फिक्स आणि त्याच्यासोबत ५ के ट्रिमर लावला की रेंज १०.७ ते १२.० एवढीच उरते, आणि तेच तीन टक्के ०.०४ व्होल्टच्या आत येतात. तापमानाचं तर बोलायलाच नको, शंभर पीपीएमचा (अंशामागे दहा लाखांत शंभर भाग बदलणारा) सरमेट वीस अंशांनी तापला तरी फरक दोन मिलिव्होल्टचा. ट्रिमरकडून काम करून घ्यायचं ते रेफरन्स आणि रेझिस्टरची एखाद-दुसरा टक्का चूक भरून काढण्यापुरतं. हिशेबानं २ केसुद्धा पुरला असता.

हिस्टेरेसिस, म्हणजे तोडायचा आणि परत जोडायचा व्होल्टेज वेगळा ठेवण्याची सोय, जोडल्यावर मात्र आकडे सरकले. लोड तुटला की बॅटरीचा व्होल्टेज वर उसळतो, लोड लगेच परत जोडला जातो आणि पट्ट्या लुकलुकायला लागतात, म्हणून कंपॅरेटरच्या आउटपुटवरून त्याच्या प्लस पिनला, जिथे डिव्हायडर येतो, ४७० के. पण लोड चालू असताना हा ४७० के वरच्या बाजूला समांतर पडतो, आणि ३३ केची रेंज घसरून १०.२ ते ११.३ होते, ११.६ बाहेरच. ३३ काढून ३६ के लावला. आता १०.८ ते ११.९. ट्रिमर साधारण साडेतीन केवर उभा आहे, तोडतो ११.६ ला आणि परत जोडतो १२.५६ च्या आसपास.

ट्रिमर वरच्या बाजूलाच का? वायपर उद्या सुटला तर पिनवरचा व्होल्टेज खाली जातो, लोड तुटतो, बॅटरी वाचते. खालच्या बाजूला असता तर पिन वर चढली असती आणि लोड कधीच तुटला नसता. शिवाय रिकामा टोकाचा पाय वायपरला जोडून टाकलाय, म्हणजे स्पर्श गेला तरी पूर्ण ५ के मध्ये राहतात आणि बोर्ड ११.९ ला तोडत का होईना, चालू राहतो. एवढ्याशा तांब्याच्या जोडणीला लोक आळस का करतात कळत नाही.

सोल्डरिंगला त्रास नाही. एका बाजूला दोन पाय, समोर एक. आधी एकटा पाय टाचून घ्यायचा, सरळ करायचा, मग बाकीचे. सेटिंग करताना मात्र धीर हवा. स्क्रूवर ड्रायव्हर दाबलेला असताना मीटर एक आकडा दाखवतो, उचलला की दुसरा, काही मिलिव्होल्ट इकडेतिकडे. खरा आकडा उचलल्यानंतरचा. सिरॅमिक टोकाचा ड्रायव्हर असेल तर तोच वापरा. आणि उगाच फिरवत बसू नका, हे व्हॉल्यूमचं बटण नव्हे: निळ्या ३२९६ लासुद्धा डेटाशीट २०० सायकलच देतं.

आता ओल-धुळीपासून बचावाचं कोटिंग राहिलंय. लाखेचा थर द्यायच्या आधी ट्रिमरच्या स्क्रूवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी प्लॅस्टिकची चिकटपट्टी), नंतर टेप काढून नेलपॉलिशचा एक ठिपका. उन्हाची दोन तास उघडीप मिळाली की तेवढं उरकून बोर्ड जांबोटीला पाठवतो.