विधेयकावर पीएचडी

माझा पीएचडीचा विषय मंजूर झाला तेव्हा त्यावर कायदा नव्हता, नुसतं विधेयक होतं. ११ डिसेंबर २०१९ ला लोकसभेत मांडलेलं वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयक लगोलग संयुक्त संसदीय समितीकडे गेलं आणि पुढच्याच महिन्यात मी विद्यापीठाच्या संशोधन समितीसमोर बसले. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "मॅडम, विधेयक बारगळलं तर?" मी म्हटलं, "मग का बारगळलं ते लिहीन, सर." सगळे हसले, विषय मंजूर झाला. अडीच वर्षांनी विधेयक खरंच मागे घेतलं गेलं, तेव्हा कुणी हसलं नाही.

तंत्रज्ञान कायद्यात संशोधन करायचं म्हणणारे विद्यार्थी अधूनमधून फोन करतात. प्रत्येकाला तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाच लिहून काढते.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका विधी महाविद्यालयात शिकवते. एलएलएम घटनाकायद्यात केलं. सायबर कायदा माझ्या वाट्याला आला तो काही आवडीने नव्हे. नवा पेपर स्टाफमधल्या सगळ्यात ज्युनियर माणसाच्या गळ्यात मारायचा ही आमच्याकडची रीत. २००० सालचा आयटी अ‍ॅक्ट म्हणजे वर्गाला झोप आणणारा विषय. पण ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी तुरुंगवास ठेवणारं कलम ६६अ आलं की मी पालघरचं प्रकरण काढायची. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतर मुंबई बंद का, असा प्रश्न फेसबुकवर टाकणारी एक मुलगी आणि त्याला लाइक करणारी दुसरी, दोघींना अटक झाली होती. त्यातूनच पुढे श्रेया सिंघल खटला उभा राहिला आणि मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. एवढं सांगितलं की मागच्या बाकावरचे फोन खिशात जायचे.

खरी ओढ लागली ती २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टास्वामी निकालाने. नऊ न्यायाधीश, सहा निकालपत्रं, ५४७ पानं, आणि निष्कर्ष एकमताने: खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. अर्ज केला होता तो कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका निवृत्त न्यायाधीशांनी, वयाच्या ऐंशीनंतर, आधारच्या विरोधात. मी निकाल कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतला. तो म्हणाला, "मॅडम, एका स्पायरलमध्ये बसत नाही," आणि दोन भाग करून दिले. पहिल्या भागाच्या समासात माझ्या पेन्सिलीच्या खुणा गच्च आहेत. आणीबाणीत अटक झालेल्याला कोर्टात दादही मागता येत नाही, असं म्हणणारा जबलपूरचा निकाल न्या. धनंजय चंद्रचूड यांनी त्यात फेटाळला. १९७६ साली तो निकाल देणाऱ्या बहुमतात त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड होते. नागपूरचे न्या. शरद बोबडे यांचं वेगळं निकालपत्रही त्यातच आहे. ते आटोपशीर आहे आणि विद्यार्थ्यांनी आधी तेच वाचावं असं माझं मत आहे. ५४७ पानांना सुरुवातीपासून भिडलं की महिन्याभरात माणूस दुसरा विषय शोधायला लागतो.

वाचत गेले तसं एक जाणवलं. खासगीपणाच्या भारतीय कायद्यात महाराष्ट्राचे खटले पदोपदी भेटतात. लाचेचं टेलिफोनवरचं बोलणं पोलिसांनी टेपवर घेतलं ते मलकाणींच्या खटल्यात, आणि हे मलकाणी मुंबईचे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी. मर्डीकर खटल्यात बाईचं चारित्र्य कसंही असो, तिच्या घरात मनाला येईल तेव्हा कुणी घुसू शकत नाही, असं न्यायालयाने बडतर्फ पोलीस निरीक्षकाला सुनावलं. संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का कायद्यातली फोन टॅपिंगची तरतूद २००८ मध्ये टिकली. ऑक्टोबर २०१९ मध्ये मात्र मुंबई उच्च न्यायालयाने विनीत कुमार खटल्यात टॅपिंगचे आदेश बेकायदा ठरवले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितलं. मी मुलाखतीला हे खटले घेऊन गेले. तुम्हीही जा. समितीला युरोपचा डेटा संरक्षण कायदा, जीडीपीआर, कुणीही सांगतो.

गाइड मिळणं ही वेगळीच कथा. तंत्रज्ञान कायद्यातला मान्यताप्राप्त मार्गदर्शक शोधत बसलात तर जागा भरून जातात. माझे सर घटनाकायद्याचे, निवृत्तीला आलेले. पहिल्याच भेटीत म्हणाले, "मला सर्व्हर कळत नाही. पण तुम्ही मला समजावू शकला नाहीत तर परीक्षकालाही समजावू शकणार नाही." या एका अटीवर माझी निम्मी प्रकरणं सुधारली. 'अल्गोरिदम', 'प्रोफायलिंग' असे शब्द मी भराभर टाकायची आणि सर प्रत्येकाखाली लाल रेघ मारून लिहायचे: म्हणजे नेमकं कोण काय करतं?

कोर्सवर्क सुरू झालं आणि टाळेबंदी आली. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ग्रंथालय बंद, तास ऑनलाइन, सहामाही प्रगती अहवाल ईमेलवर. विषयाला मात्र खतपाणी मिळालं. कोविडसाठीचं आरोग्य सेतू अ‍ॅप आलं, २०२१ च्या सुरुवातीला व्हॉट्सअ‍ॅपच्या नव्या धोरणावरून घरोघरी चर्चा झाली, आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पहिल्यांदाच कुणीतरी मला कायद्याचा प्रश्न विचारला.

सर हट्टाने म्हणाले होते की नुसता ग्रंथालयातला अभ्यास नको, लोकांशी बोला. म्हणून एक प्रकरण संमतीवर ठेवलं: माणूस आपली माहिती देताना खरंच 'हो' म्हणतो का? त्यासाठी तालुक्यातली रेशन दुकानं, एक सरकारी दवाखाना आणि मोबाइलची दोन-तीन दुकानं निवडली. आधार क्रमांकाचं वाटप सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावातून सुरू झालं, म्हणजे आपल्याच राज्यातून. तेव्हा रेशन दुकान सोडून चालणारच नव्हतं.

एका दुकानात ऊसतोडीला जाणाऱ्या एका आजींचा अंगठा मशीनवर उठेना. दुकानदाराने ओल्या फडक्याने बोट पुसलं, दुसरं बोट लावून पाहिलं, मग म्हणाला, "आजी, घरात कुणाचा नंबर जोडलाय?" आजींनी नातवाला फोन लावला, स्पीकर ऑन केला. नातवाने ओटीपी मोठ्यांदा सांगितला आणि रांगेतल्या सगळ्यांनी तो ऐकला. धान्य मिळालं. मी आजींना माझी प्रश्नावली समजावली आणि विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे संमतीपत्र पुढे केलं. त्या म्हणाल्या, "आता तुला बी अंगठा पाहिजे व्हय?" तिथे उभ्या सगळ्यांना हसू फुटलं, मलाही. त्या संमतीपत्रावर शाईचा जो ठसा आहे, तो मशीनला न उठलेल्या अंगठ्याचा. प्रबंधाच्या परिशिष्टात तो गेला नाही, कारण तो गेला असता तर मीच त्यांची माहिती उघड केली असती.

डिसेंबर २०२१ मध्ये संयुक्त समितीचा अहवाल आला. त्यात विधेयकाचं नावच बदलून 'वैयक्तिक' हा शब्द काढायची शिफारस होती. मी रात्री जागून तौलनिक तक्ते केले. ३ ऑगस्ट २०२२ ला सरकारने विधेयक मागे घेतलं. समितीने ८१ दुरुस्त्या सुचवल्यात, तेव्हा नव्याने सर्वंकष कायदा आणू, असं कारण दिलं. माझ्या शीर्षकात त्या विधेयकाचं नाव वर्षासकट होतं.

शीर्षक बदलायची प्रक्रिया कागदावर सोपी आहे: अर्ज, गाइडची शिफारस, संशोधन केंद्राचं पत्र, शुल्काची पावती, मग समितीची बैठक. प्रत्यक्षात बैठक कधी होईल ते कुणालाच माहीत नसतं. संबंधित टेबलावर मला सांगण्यात आलं की शीर्षकात 'किरकोळ बदल' चालतो, 'मोठा बदल' झाला तर नोंदणी नव्याने. विधेयकाचं नाव काढणं किरकोळ की मोठं, यावर फाइल बरेच दिवस इकडून तिकडे फिरली. शेवटी सरांनी शिफारसपत्रात एक वाक्य घातलं: संशोधनाचा प्रश्न तोच आहे, फक्त ज्या दस्तऐवजावर तो तपासायचा तो बदलला आहे. त्यावर बदल किरकोळ ठरला. नवं शीर्षक संमतीवर बेतलं, त्यात कुठल्याही विधेयकाचं नाव नाही. तंत्रज्ञान कायद्यात शीर्षक देताना एवढं एक पथ्य पाळा, बाकी काही नाही पाळलंत तरी चालेल.

नोव्हेंबर २०२२ मध्ये नवा मसुदा आला, ऑगस्ट २०२३ मध्ये तो दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि ११ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, कलमं अवघी ४४. या कायद्यासाठी नेमलेल्या न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये दिलेल्या पहिल्या मसुद्याच्या मानाने हे फारच सडसडीत. मी रेशन दुकानातल्या आजींची नोंद असलेली वही शेजारी ठेवून कलम ७ वाचलं. सरकारी अनुदान, लाभ, दाखला द्यायचा असेल तर ठरावीक परिस्थितीत नव्याने संमती घ्यायची गरज नाही. म्हणजे रेशनच्या रांगेत मी जे शोधत होते, ते कायद्याने विचारायचंच नाही असं ठरवलं होतं. प्रकरण फुकट गेलं नाही, उलट त्याला धार आली.

सगळ्यात जास्त छळलं ते कलम ४४(३) ने. त्याने माहिती अधिकार कायद्यातलं कलम ८(१)(ञ) बदललं. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, व्यापक जनहित आहे का, हे त्याच पोटकलमात बघावं लागायचं. नव्या शब्दांत वैयक्तिक माहिती म्हटली की झालं. जनहितासाठी कलम ८(२) चा आधार उरतो, पण ते ओझं अर्जदाराच्या डोक्यावर येतं. महाराष्ट्रात केंद्राच्या आधी, २००२ मध्ये, माहिती अधिकाराचा कायदा होता आणि त्यामागे अण्णा हजारेंचं आंदोलन होतं. आमच्या भागातले कार्यकर्ते मला विचारायचे, "मॅडम, तुमच्या प्रायव्हसीने आमचा अर्ज खाल्ला की." खासगीपणाच्या बाजूने इतकी वर्षं लिहिल्यावर हे ऐकणं जड जातं. ग्रामसेवकाची हजेरी आणि ग्रामसेवकाचा आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कायद्याने त्या एकाच गाठोड्यात बांधल्या, असं मी प्रबंधात लिहिलं. सरांना भाषा कडक वाटली. मी ती बदलली नाही.

सबमिशनच्या आधी साम्यतपासणी, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललाय का ते सॉफ्टवेअरने बघणं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. कायद्याच्या प्रबंधात कलमं जशीच्या तशी द्यावी लागतात, त्यामुळे सॉफ्टवेअरने माझ्या पानांना लाल रंग फासला. पण त्याच नियमांत अवतरणं, संदर्भसूची आणि कायदे तपासणीतून वगळा असं लिहिलंय. मी नियमाची प्रत घेऊन ग्रंथपालांकडे गेले. त्यांनी ती शांतपणे वाचली, सेटिंग बदललं, आकडा मर्यादेत आला. नियमाची प्रत सोबत असू द्या. तोंडी सांगून उपयोग नसतो.

प्रबंध दिला आणि परीक्षकांचे अहवाल यायच्या आत, ३ जानेवारी २०२५ ला नव्या कायद्याखालच्या नियमांचा मसुदा जाहीर झाला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिला प्रश्न तोच टाकला: तुमचं संमतीवरचं सहावं प्रकरण शिळं झालं का? मी म्हटलं, माहिती घेताना माणसाला जी सूचना द्यायची तिच्यात काय काय असावं ते नियमांनी सांगितलंय, पण ती वाचणाऱ्याला नाही म्हणायची सोय आहे का, हा प्रश्न तसाच आहे. ते थोडा वेळ वाद घालत राहिले, आणि मला तो वाद आवडला. श्रोत्यांत बसलेल्या एका वकिलांचा प्रश्न त्याहून नेमका होता: माहिती फुटली तर माझ्या अशिलाला काय मिळणार? उत्तर: दंड २५० कोटींपर्यंत, पण तो भारताच्या संचित निधीत जमा. आयटी अ‍ॅक्टमधलं नुकसानभरपाईचं कलम ४३अ हाच कायदा काढून टाकतो. "म्हणजे अशिलाला काहीच नाही," ते म्हणाले. परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला.

पदवी हातात पडल्यावर, नोव्हेंबर २०२५ मध्ये, अंतिम नियम आले. डेटा संरक्षण मंडळाची स्थापना आणि माहिती अधिकारातला बदल ताबडतोब लागू, संमती आणि सूचनेच्या मुख्य तरतुदींना अठरा महिने. त्यामुळे आता फोन विद्यार्थ्यांइतकेच पतसंस्थांचे येतात. सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत मिळण्याचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मराठीतही. सध्या अशाच एका पतसंस्थेचा मराठी मसुदा माझ्याकडे आहे. खातं उघडण्याच्या अर्जात तळाशी बारीक अक्षरांत ओळ आहे: 'मी वरील सर्व अटी वाचल्या असून मला त्या मान्य आहेत.' मी ती काढून प्रत्येक कारणासाठी वेगळी चौकट द्या म्हणतेय. व्यवस्थापक म्हणतात, सभासद एवढ्या ठिकाणी सही करणार नाही, तो शेजारच्या संस्थेत जाईल. कर्जवसुलीसाठी नातेवाइकांचे नंबर घेण्याची चौकट तर त्यांना नकोच आहे. पुढच्या आठवड्यात त्यांच्या संचालक मंडळासमोर जायचंय.