तुम्ही विचारलंत म्हणून: फाउंडेशन पुन्हा कुठून वाचायची आणि कशासाठी

ठाण्यात पुस्तकांवर गप्पा निघाल्या की हा प्रश्न येतोच: ‘कॉलेजात वाचलेली असिमॉव्हची फाउंडेशन ही विज्ञानकथांची मालिका पुन्हा वाचायची तर सुरुवात कुठून? आणि त्यातला म्यूल हा खलनायक खरा कोण हे माहीत असताना वाचायची कशाला?’ उभ्याउभ्या दिलेलं उत्तर अर्धवटच राहतं, म्हणून आज एकदा नीट सांगते.

सुरुवात 1951 च्या पुस्तकापासूनच करा. 1988 चं ‘प्रील्यूड’ कथाकाळानं आधीचं आहे, पण ते आधी वाचलंत तर सेल्डन, म्हणजे माणसांच्या समूहांचं भविष्य गणितानं मांडून हजार वर्षांची योजना आखणारा आणि त्यासाठी फाउंडेशन ही वसाहत वसवणारा शास्त्रज्ञ, ओळखीचा होऊन बसतो. मग टाइम व्हॉल्टमधल्या, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर ठरल्या वेळी त्याचे आधीच नोंदवलेले संदेश जिथे ऐकू येतात त्या दालनातल्या, त्याच्या प्रतिमेचा दरारा जातो. मूळ तीन पुस्तकांत नऊ भाग आहेत. पहिला सोडला तर बाकीचे मासिकासाठी लिहिलेले, त्यामुळे एका बैठकीत एकच भाग घ्या. सलग वाचलं की माणसं निसटतात: दुसरा भाग फाउंडेशनच्या 50 व्या वर्षी घडतो, तिसरा 80 व्या. पहिल्या पुस्तकात बायका जवळजवळ नाहीतच. हे खटकणार, आणि खटकायलाच हवं.

कशासाठी वाचायची, याचं खरं उत्तर दुसऱ्या पुस्तकातल्या ‘द म्यूल’मध्ये आहे. म्यूलची फौज फाउंडेशनच्या टर्मिनस ग्रहावर येऊन ठेपलीय आणि व्हॉल्टमध्ये सेल्डनची प्रतिमा बोलतेय ती व्यापाऱ्यांशी होणाऱ्या यादवीबद्दल. हजार वर्षांच्या योजनेला हा एक माणूस ठाऊकच नाही. नवी मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. 1965 साली चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता हे वास्तुरचनाकार आणि अभियंते शिरीष पटेल यांनी नव्या शहराची कल्पना मांडली, तेव्हा राज्य सरकारची कार्यालयं खाडीपलीकडे जातील यावर तिची मोठी भिस्त होती. शहर उभं राहिलं, मंत्रालय मुंबईतच राहिलं.

मग ट्रँटर या साम्राज्याच्या जुन्या राजधानीच्या ग्रहावरचं ग्रंथालय. फाउंडेशनचा शास्त्रज्ञ एब्लिंग मिस मरणाच्या दारात आहे, तरी त्याला सेल्डननं गुपचूप वसवलेल्या दुसऱ्या फाउंडेशनचा पत्ता सापडलाय. तो सांगायला तोंड उघडतो आणि त्याच्यासोबत आलेली त्याची मैत्रीण बेटा त्याच्यावर ब्लास्टर झाडते. कमरेच्या वर मिस उरत नाही. त्यांच्याबरोबर आलेला मॅग्निफिको नावाचा विदूषक शेजारी बसून ऐकतोय, आणि लोकांच्या भावना हव्या तशा वळवणारा म्यूल तोच, हे तिला एकटीलाच कळलेलं असतं. त्यानं सगळ्यांच्या मनाला हात घातला, बेटाच्या नाही, कारण तिला तो आपणहून आवडला होता. त्याला आयुष्यात मिळालेली तेवढी एकच माया त्याला खोटी करायची नव्हती, आणि तिथेच तो हरला.

पंधराव्या वर्षी मला हा प्रसंग योजनेचा विजय वाटला होता. आता तसं म्हणवत नाही. जे शास्त्र एकट्या माणसाला मोजतच नाही, ते वाचतं एका बाईनं आपल्याच मित्राला मारल्यामुळे. योजना मोडायचा आग्रह संपादक कॅम्पबेलचा होता, असिमॉव्हला तो आधी पटला नव्हता. म्हणून हे कोडं त्यानं ठरवून घातलं की हातून घडलं, यावर माझं माझ्याशीच अजून जमत नाही. त्या पंधरा वर्षांच्या मुलीचं म्हणणंही पूर्ण खोडता येत नाही. मिस बोलला असता तर खरंच सगळं संपलं असतं.

तेव्हा ‘द म्यूल’ संपला की लगेच तिसरं पुस्तक उघडू नका. मॅग्निफिको पहिल्यांदा भेटतो त्या कालगन ग्रहाच्या किनाऱ्यापर्यंत मागे जा आणि प्रत्येक प्रसंगात मॅग्निफिको कुठे बसलाय, त्या वेळी कुणाचा धीर खचतोय, एवढंच बघत पुन्हा वाचा.