निळा रंग जातो कुठं?

गेल्या उन्हाळ्यात डेअरीत दुपारच्या दुधाच्या टँकरच्या एका कप्प्याचा नमुना एमबीआरटीला, म्हणजे निळा रंग किती वेळात उडतो त्यावरून दुधातले जिवाणू जोखणाऱ्या चाचणीला लावला, तर २५ मिनिटांत नळी पांढरी. अर्ध्या तासाच्या आत रंग उडाला की ते दूध नाकारायचं. कप्पा परत गेला. लॅबमध्ये नव्याने आलेल्या मुलीने विचारलं, "सर, पण निळा रंग जातो कुठं?"

कुठंच जात नाही. १० मिली दुधात १ मिली मिथिलीन ब्लू हा निळा रंग घालून नळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवली की जिवाणू दुधातला ऑक्सिजन संपवतात आणि रंगाचं क्षपण होतं, म्हणजे तो रंगहीन रूपात जातो. नळी जोरात हलवा, हवा मिसळते, निळं परत दिसतं. नवी माणसं हमखास इथंच चुकतात. डाय जास्त पडला तरी फसगत होते, कारण रंग उशिरा उडतो आणि वाईट दूध चांगल्यात जमा होतं.

हे सांगताना मला अडॉल्फो कामिन्स्की आठवला, दुसऱ्या महायुद्धात खोटी कागदपत्रं बनवून ज्यूंना वाचवणारा. तिला त्याचं नाव माहीत नव्हतं. डेअरीतल्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

१९२५ साली ब्वेनोस आयरेसमध्ये जन्मलेला हा ज्यू मुलगा फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या वीर गावी रंगाऱ्याकडे डाग काढायला शिकला. शिवाय लोणी काढणाऱ्या डेअरीतल्या केमिस्टच्या हाताखाली काम करायचा. तिथे सायीच्या नमुन्यात मिथिलीन ब्लू टाकून तो किती वेळात उडतो ते मोजत. आपल्या नळीत हे काम जिवाणू करतात. तिथे सायीतल्या लॅक्टिक ॲसिडने निळा रंग जातो, हे त्याने लक्षात ठेवलं.

१९४३ मध्ये हे कुटुंब पॅरिसजवळच्या द्रांसीच्या छावणीत अडकलं. तिथून गाड्या आउशवित्झच्या मृत्युछावणीकडे सुटत. अर्जेंटिनाच्या नागरिकत्वामुळे हे सुटले. मग खोटी ओळखपत्रं मिळवायला भूमिगत ज्यू गटाकडे गेल्यावर अडॉल्फोला धंदा विचारला. "रंगारी." लगेच पुढचा प्रश्न आला, शाई काढता येते का? गट वॉटरमनच्या निळ्या शाईपाशी अडला होता, ती काही केल्या पुसली जात नव्हती. तिच्यात मिथिलीन ब्लू असतं हे त्याला ठाऊक होतं. त्याने लॅक्टिक ॲसिड सुचवलं, आणि शाई निघाली.

कागदाशी काम केलेल्याला यातली मेख कळेल. ओळखपत्रावरची अब्राहम, इझाक अशी ज्यू नावं काढून तिथेच फ्रेंच नाव लिहायचं असे. ब्लीच वापरलं तर कागदाचे तंतू सुटतात, छापील रंग फिका पडतो, नवी शाई फुटते. तपासणाऱ्याने ओळखपत्र उजेडाकडे धरलं की संपलं.

पॅरिसमध्ये र्यू दे सॅं-पेरवरच्या छोट्या खोलीत या गटाची लॅब होती. रसायनांचा वास शेजाऱ्यांना खटकू नये म्हणून आपण चित्रकार आहोत असं ते भासवत.

एकदा ३०० ज्यू मुलांसाठी मागणी आली. रेशनकार्ड, जन्मदाखला, बाप्तिस्म्याचा दाखला असे ९०० हून जास्त कागद, मुदत ३ दिवस. तासाला ३० कागद होतात, म्हणजे मी तासभर झोपलो तर ३० माणसं मरतील, हा त्याचा हिशेब. तो जागाच राहिला.

आमच्या लॅबमधल्या त्या मुलीने नळ्या स्टँडला लावता लावता भागाकार केला. "३० तास, सर. हात न थांबवता."

"आणि वय १८," मी म्हटलं.