लेदर कोरल दगडाला बसेना तेव्हा

'दोन थेंब सुपरग्लूचं जेल लावा, दाबून धरा, झालं.' माझ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतला टोडस्टूल लेदर, म्हणजे छत्रीसारख्या टोपीचा मऊ कोरल (प्रवाळ), दगडावरून निसटला तेव्हा ज्याला विचारलं त्याने हेच सांगितलं. यातल्या कुणी लेदर कधी हातात तरी धरला होता का, हा प्रश्न मला अजून पडतो.

तो निसटायचं कारण साधं होतं. रत्नागिरीत पावसाळ्यात वीज जाते-येते, आणि आली की वेव्हमेकर (टाकीत लाटा उठवणारा पंप) एकदम पूर्ण जोरात सुटतो. त्या झोताने कोरल वाळूत आडवा. उचलून टाकीच्याच पाण्यात विसळला, बुडखा, म्हणजे दगडाला धरणारा देठाचा खालचा भाग, बघितला. काळा पडलेला नाही, कुजका वास नाही, म्हणजे बाकी काही चिंता नव्हती.

घोडं अडलं ते चिकटवण्यात. सुपरग्लूचं जेल टाकीला चालतं, पाण्याखालीही धरतं, हे खरं. पण लेदरला हात लागला की तो आकसतो आणि अंगावर बुळबुळीत थर सोडतो. जेल चिकटतं त्या थराला, कोरलला नाही. बुडखा कागदाने टिपून घ्या, म्हणे. टिपला. दगडापर्यंत नेईतो पुन्हा बुळबुळीत. दाबून धरला की वाटतं, बसला एकदाचा. रात्रीत तो फुगतो, आकसतो, आणि सकाळी बघावं तर जेलची पांढरी चकती दगडावर आणि महाराज वाळूत. परत टिपा, परत लावा, परत वाळूत. दर हाताळणीगणिक स्वारी आणखी रुसायची: पॉलिप (टोपीवरची बारीक फुलांसारखी तोंडं) मिटलेले, टोपीवर मेणचट पापुद्रा. (पापुद्र्याला घाबरू नका, लेदर अधूनमधून तो टाकतातच.) त्यात आपली हवा! हे जेल ओलाव्यानेच घट्ट होतं, त्यामुळे जुलैत ट्यूब एकदा उघडली की उरलेलं झाकणातच दगड. पैसे गेले ते गेलेच, वर बोटांची सालं निघाली.

मऊ कोरल आपण चिकटवायचा नसतो, तो आपला आपण धरतो. आपण त्याला फक्त हलू द्यायचं नाही. एवढं एक वाक्य कुणी आधी सांगितलं असतं तर!

मी कालवाची शिंप घेतली, उकळून आणि ब्रशने घासून. कालवाचीच का, तर ती बाहेरून खडबडीत असते, तिसऱ्याची गुळगुळीत. कुणी प्रवाळाचा मेलेला तुकडा वापरा म्हणेल, मालवणहून आणून देतोही म्हणेल. नको. तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये येतं, मेलेलं असलं तरी.

लाकडी टूथपिक बुडख्यातून आडवी आरपार घातली. लेदरला त्याचं फारसं काही वाटत नाही, बघणाऱ्याच्याच पोटात गोळा येतो. काडीच्या दोन्ही टोकांना तंगूस अडकवून शिंपेखालून फिरवला. ताण काडीवर येतो, मांसावर नाही. नुसता रबरबँड कोरलवरून आवळला तर तो हळूहळू कापत जातो. मग शिंपेसकट कोरल टाकीच्या कमी झोताच्या कोपऱ्यात ठेवला आणि हात लावायचा मोह आवरला. साधारण एक-दोन आठवड्यांत बुडखा पसरून शिंपेला धरतो. बोटाने हलकं ढकललं आणि शिंपही बरोबर हलली की समजा, झालं. तंगूस कापून काढा, काडी हळूच ओढा. आता शिंप दगडाला लावायला मात्र ते जेल उत्तम. शिंपल्याला बुळबुळ नसते.

बुडखाच नसलेला चपटा मश्रूम कोरल असेल तर काडी चालणार नाही. वाटीत शिंपल्यांचा चुरा घालून त्यावर तो ठेवायचा आणि वर मच्छरदाणीचा तुकडा बांधायचा.

हो, हातमोजे घाला. आणि चिडलेला लेदर पाण्यात नको ती रसायनं सोडतो, शेजारच्या कोरलना ती बाधतात, म्हणून त्या काळात फिल्टरमध्ये ताजा कार्बन (रसायनं शोषणारा कोळसा) असू द्या. पाणी बदलताना 'समुद्र दाराशी असताना मीठ कसलं विकत घेतेस' असं आई मलाही म्हणाली. पावसाळ्यात भाट्ये खाडीच्या मुखाशी नदीचं गढूळ गोडं पाणी मिसळतं, टाकीला लागणारी 1.025 ची घनता त्यात कुठून येणार? आरओचं पाणी आणि विकतचं मीठच बरं, निदान दिवाळीपर्यंत.