पणजी किती लांब? बेळगावातनं चोर्ल्यामार्गे

बेळगावात कुणालाही विचारा, पणजी किती लांब? किलोमीटर कुणी सांगत नाही. "साडेतीन तास धरा की ओ," म्हणतात आणि लगेच विचारतात, "चोर्ल्यातनं जाणार, का अनमोडातनं?"

किलोमीटर न सांगण्याला कारण आहे. कोल्हापूर इथून एकशे दहाच्या आसपास, चोर्ला घाटामार्गे पणजी सव्वाशेच्या आसपास. कागदावर फरक पंधराचा. पण कोल्हापूरला दोन तासांत माणूस अंबाबाईच्या दारात असतो आणि पणजीच्या वाटेवर तेवढ्याच वेळात जेमतेम घाट उतरून गोव्यातल्या केरीत. कोल्हापूरच्या रस्त्यालाही वंटमुरी आणि तवंदी घाट आहेतच, पण चौपदरी हायवेनं त्यांचा घाटपणा काढून घेतलाय. हत्तरगी आणि कोगनोळीच्या नाक्यांवर टोल भरायला थांबाल, तेवढंच. अपवाद महापुराचा. ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये वेदगंगेचं पाणी निपाणीजवळ यमगर्णीत हायवेवर आलं आणि वाहतूक बंद पडली. सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्याही हद्दीवरून माघारी फिरतात. अशा दिवशी कोल्हापूर किती लांब, हे विचारू नये.

तर, तुळशीचं लग्न झालं आणि मावसबहिणीच्या लेकीचा साखरपुडा ठरला. पणजीत, मुहूर्त सकाळी साडेअकराचा. आदल्या रात्री बेळगावच्या शहापुरात आमच्या घरी निघायच्या वेळेवरून परिषद भरली. भावजी पुण्याचे. त्यांनी मोबाईल काढला, नकाशा बघितला आणि जाहीर केलं, "दोन तास पन्नास मिनिटं. आठला निघू." शेजारचे मामा कट्ट्यावर बसले होते. उमेदीची वर्षं त्यांनी गोव्याला भाजीचा टेम्पो नेण्यात घालवली आहेत. ते म्हणाले, "आठला निघालासा तर थेट जेवायलाच पोचतासा."

मग त्यांनी रस्त्याचे तुकडे पाडले. माझ्या मते अंदाज बांधायची हीच खरी रीत. पूर्ण अंतराला एका सरासरी वेगानं भागलं की हिशोब गंडतो. शहापूर ते पिरनवाडी सहा-साडेसहाला पंधरा मिनिटं. तेच अंतर आठनंतर अर्ध्या तासाचं, कारण उद्यमबागेत कामगारांच्या दुचाकी आणि शाळेच्या रिक्षा एकाच वेळी रस्त्यावर येतात. पिरनवाडीहून जांबोटी वीस-बावीस किलोमीटर, पण त्याला चाळीस मिनिटं. जांबोटी ते कणकुंबी जंगलातला अर्धा तास. पुढं चोर्ल्यावरून केरीपर्यंत पाऊण तास. घाटात तासाला पंचवीसच धरायचे, मग गाडी कुठल्याही कंपनीची असो. केरी ते साखळी वीस मिनिटं, साखळी ते पणजी एक तास. बेरीज साडेतीन तास.

"आणि गाडी कुणाला लागती काय?" मामांनी विचारलं. सगळ्यांनी आत्याकडं बघितलं. "मग घाटाआधी एक थांबा, घाट उतरल्यावर एक. अर्धा तास त्याचा." म्हणजे चार तास. निघायचं साडेसहाला. भावजींना हे फारच वाटलं, पण सकाळी आवरायला किती वेळ लागतो हे त्यांना ठाऊक असल्यानं ते गप्प बसले.

साडेसहाचे पावणेसात झाले. कुंद्याचे डबे ऐनवेळी पुन्हा मोजले गेले. त्याला इलाज नाही, मुलीकडचं काम.

पिरनवाडीला खानापूर रोड सोडून आत वळलं की किणयेपर्यंत दोन्ही बाजूंना शिवार, कुठं भाताच्या मळण्या, कुठं रताळ्याचे वेल. जांबोटीत वडे आणि चहा झाला. तिथं भावजींनी विचारलं, दुसरा सोपा रस्ता नाही का? आहेत की दोन. एक आंबोलीचा. शिनोळीला महाराष्ट्रात शिरायचं, आंबोली उतरून सावंतवाडी आणि बांद्यावरून गोव्यात. एका सकाळीत तीन राज्यं होतात. रस्ता त्यातल्या त्यात रुंद, पण अंतर दीडशेच्या पुढं. दुसरा अनमोडचा. खानापूरपर्यंत सुसाट, पुढं रामनगरच्या बाजूचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलेलं. फोंडा किंवा मडगाव गाठायचं असेल तर तो बरा. रेल्वेचं तर विचारूच नका. कॅसलरॉक ते कुळे हे 26 किलोमीटर, चढ 37 मीटरला 1 मीटर. त्या उतारावर गाडी गोगलगायीसारखी उतरते, दूधसागर डोळे भरून बघून होतो, आणि एवढं करून तुम्ही पोचता मडगावला. पणजी तिथून आणखी तासभर.

कणकुंबीला गाडी थांबवली ती आत्यासाठी, पण मला तो थांबा आवडतो. माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम. हे पाणी पूर्वेला जातं आणि पार कूडलसंगमला कृष्णेला मिळतं. तिथून जवळच कळसा नाला, तो मात्र पश्चिमेला म्हादईकडं. कर्नाटक-गोव्याचा पाण्याचा तंटा या एवढ्याशा माळावरचा. आत्यानं आल्याची वडी तोंडात टाकली, खिडकीकडची जागा मागून घेतली आणि म्हणाली, "चला, हुतंय काय बघूया."

कणकुंबीच्या पुढं नेटवर्क गेलं. नकाशावरचा बाण सरकत होता, पुढच्या रहदारीची खबर मात्र त्याला मिळत नव्हती. तरी पोचायची वेळ तो छातीठोकपणे दाखवत राहिला. इकडं आम्ही एका ट्रकच्या मागं. चोर्ल्याची वळणं अशी की ट्रकला एका दमात वळता येत नाही. तो पुढं जातो, थोडा मागं येतो, पुन्हा चाक फिरवतो. तेवढ्यात खालून रिकामे क्रेट रचलेला भाजीचा टेम्पो वर आला. रात्री बेळगावची कोबी-गाजरं गोव्यात उतरवून परतणारा. क्लीनर खाली उतरला, त्यानं मागच्या चाकाला दगड लावला, हातानंच ट्रकला "ये, ये, ये" केलं आणि आमच्या भाच्याला मागं सरकायला सांगितलं. भाच्यानं गाडी कड्याला चिकटवली. आत्यानं डोळे मिटले. एका वळणाला पाच-सात मिनिटं गेली, आणि अशी वळणं बरीच. पावसाळ्यात याच जागी धुकं असतं, तेव्हा या पाऊण तासाचा सव्वा तास धरावा.

उतारावर अंजुण्याचं धरण दिसलं की घाट संपत आला समजायचं. केरीत आत्यानं चूळ भरली, नारळपाणी घेतलं. साखळीत पुन्हा प्रश्न आला, डिचोलीवरून म्हापसा गाठायचा, की आमोण्याचा पूल ओलांडून माशेल, जुने गोवे करत पणजीत शिरायचं? मामांनी बजावून ठेवलं होतं, "म्हापशाकडनं जाऊ नकासा. पर्वरीत पुलाचं काम चाललंय." आम्ही आमोण्यानं गेलो. पावणेअकराला हॉलच्या दारात होतो.

नवरदेवाकडची मंडळी म्हापशाची. म्हापसा ते पणजी तेरा किलोमीटर. ती आली बारा वाजता, पर्वरीतून.